सुक्या भोपळ्यावर पायरोग्राफी: पहिला तुंबा बिघडू नये म्हणून

दर हिवाळ्यात कोणीतरी दारात तुंबा, म्हणजे सुकवलेला भोपळा, घेऊन उभं असतं. प्रश्न ठरलेला: "रेघ छान काळी उमटली होती. चार दिवसांनी कापडाने पुसली तर सोलूनच निघाली. पेन खराब आहे का?" मी तुंब्यावर नख ओढून बघते. नखाखाली करडी भुकटी येते. पेन चांगलंच असतं, भोपळ्याची वरची साल काढायची राहिलेली असते.

पायरोग्राफी म्हणजे तापलेल्या टोकाच्या पेनाने डागून चित्र काढणं. सुक्या भोपळ्यावर हे काम सुरू करणाऱ्यांचं सगळं लक्ष पेनाकडे असतं: कुठलं घ्यावं, किती वॉटचं, कितीला मिळतं. काम बिघडतं ते त्याच्या बरंच आधी. म्हणून या लेखात पेन पाचव्या टप्प्यावर येतं. टप्पे गाळू नका आणि त्यांचा क्रमही बदलू नका.

नाशिकच्या हवेत या कामाला हंगाम आहे. जूनच्या पावसावर लावलेला वेल ऑक्टोबर-नोव्हेंबरात पक्की फळं देतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या थंडीत ती सुकतात. फेब्रुवारी ते मे हे डागायचे महिने. जुलै-ऑगस्टात सुकलेला तुंबासुद्धा हवेतली ओल धरतो. एका श्रावणात मी घाईने एक तुंबा डागायला घेतला. पेन पूर्ण तापलेलं असूनही रेघ तपकिरीच्या पुढे जाईना, कारण निम्मी उष्णता ओल वाळवण्यातच जात होती. तेव्हापासून पावसाळ्यात मी फक्त नक्षीची चित्रं कागदावर काढून ठेवते.

## टप्पा १: भोपळा निवडणे

भाजीबाजारातला दुधी चालत नाही. तो कोवळा तोडलेला असतो आणि सुकवायला ठेवला की सुरकुततो किंवा सडतो. आपल्याला वेलावरच जून झालेला, कवच धरलेला भोपळा हवा. दुधी आणि तुंब्याचा कडू भोपळा ही एकाच जातीच्या वेलाची फळं. फरक आकाराचा, कडवटपणाचा आणि कवचाच्या जाडीचा. म्हणून घरच्या वेलावरचा दुधी बियाण्यासाठी राखला असेल तर तोही चालतो, मात्र त्याचं कवच बहुधा पातळ निघतं. सुरुवातीला जाड कवचाचा तुंबा बरा, कारण पातळ कवच एका जागी टोक रेंगाळलं की आरपार जळतं.

मिळवायचा कुठे? पेठ, सुरगाणा, हरसूल या भागात तारपा आणि पावरी ही भोपळ्याची फुंकवाद्यं वाजवणाऱ्यांच्या घरी भोपळे राखलेले असतात. बियाणं ठेवायला, पाणी न्यायलाही तुंबे वापरायची रीत तिकडे आहे. गावात ओळख असेल तर आधी विचारून ठेवा, आणि वाद्यासाठी राखलेला भोपळा मात्र मागू नका. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातही चौकशी करून बघावी, कधी कधी सुकलेली तुंबी हाती लागते. शेत असेल तर सगळ्यात चांगलं. द्राक्षाची जुनी बाग काढली आणि मांडव तसाच उभा असेल, तर त्यावर वेल चढवा. लोंबता भोपळा सरळ वाढतो. जमिनीवर पडलेल्याची एक बाजू चपटी होते आणि त्या बाजूला डागही राहतो.

तोडण्याआधी तीन गोष्टी बघा. देठ तपकिरी होऊन वाळलेला आहे का? कवचात नख रुतत नाही ना? आणि वरची मऊ लव गेली आहे का? तिन्ही जमलं तर दोन-तीन बोटं देठ ठेवून कापा. देठ पिरगाळून तोडला की तिथे जखम होते आणि सड तिथूनच आत शिरते.

तपासा: विकत घेताना तुंबा दोन्ही हातांत धरून सगळीकडून अंगठ्याने दाबा. एक जरी मऊ जागा लागली तर तो घेऊ नका. मऊ जागा पुढे कधीच टणक होत नाही.

## टप्पा २: सुकवणे

ताजा पक्का भोपळा वजनाला जड असतो, त्यात बहुतांश पाणी. हे पाणी कवचातून सावकाश बाहेर पडायला हवं. मुठीएवढ्या तुंबीला सहा ते आठ आठवडे लागतात. घागरीएवढ्या तुंब्याला पाच-सहा महिनेही लागतात.

आधी भोपळा सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून कोरडा करा. मग सावलीत, वाऱ्यात, एकमेकांना टेकणार नाहीत असे मांडा. निफाड, येवला, लासलगाव पट्ट्यातल्या वाचकांना याहून चांगली जागा शोधायची गरज नाही. उन्हाळ कांदा बाहेर पडल्यावर रिकामी झालेली कांदा चाळ घ्या. खालून आणि दोन्ही बाजूंनी वारा खेळतो, वर छप्पर असतं. भोपळ्याला नेमकं हेच लागतं. चाळीत कांदा शिल्लक असेल तर मात्र त्यात भोपळे ठेवू नका. एकाची सड दुसऱ्याला लागते. फ्लॅटमध्ये राहत असाल तर बाल्कनीत प्लास्टिकचा भाजीचा क्रेट पालथा घालून त्यावर ठेवा. आठवड्यातून एकदा बाजू बदला.

दोन-तीन आठवड्यांनी कवचावर बुरशी येईल. काळे, करडे, पांढरे ठिपके दिसतील. इथे घाबरून अनेकजण भोपळा फेकून देतात. बाहेरची बुरशी सुकण्याचाच भाग आहे, फार दाट झाली तर कोरड्या कापडाने पुसा. तिचे तपकिरी ढग कवचावर कायमचे उमटतात, ब्लीचने जात नाहीत आणि घालवायचीही गरज नाही. पुढे नक्षी मांडताना त्यांचा उपयोग होतो.

घाई करायला लोक तीन गोष्टी करतात. भोपळ्याला भोक पाडतात, पत्र्यावर रणरणत्या उन्हात ठेवतात, नाहीतर ओव्हनमध्ये घालतात. भोकातून बुरशी आणि किडे आत जातात. उन्हात आणि ओव्हनमध्ये कवच एका बाजूने लवकर आकसतं आणि तडकतं.

तपासा: तुंबा हलवा. बिया खुळखुळल्या तर बहुतेक सुकला. काही तुंब्यांत बिया गराला चिकटून बसतात आणि आवाज येत नाही, म्हणून वजनही बघा. तोडताना वजन लिहून ठेवलं असेल तर फार सोपं जातं: दोन आठवड्यांच्या अंतराने केलेली दोन वजनं सारखी आली की तुंबा सुकला.

## टप्पा ३: साल काढणे

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, त्यामुळे हा टप्पा सावकाश वाचा.

सुकलेल्या तुंब्यावर मेणचट, कागदासारखा पातळ पापुद्रा असतो. बुरशीची भुकटी त्यावरच बसलेली असते. त्याच्या खाली कवचाचा गुळगुळीत, टणक, फिक्या पिवळ्या ते तपकिरी रंगाचा पृष्ठभाग असतो आणि डागायचं असतं त्यावर. पापुद्रा राहिला तर टोक त्यावर अडकतं, उड्या मारतं, रेघेच्या कडेला खपली धरते, आणि पुढे ती खपली रेघेसकट निघून येते. उलट पापुद्रा काढताना खालचा गुळगुळीत थर खरवडला गेला, तर टोक त्या ओरखड्यांतून घसरतं आणि रेघ फाटते. दोन्हीच्या मधलं काम करायचं आहे.

१. तुंबा भिजवा. तो तरंगतो, त्यामुळे नुसता बादलीत टाकून एकच बाजू भिजते. जुना टॉवेल किंवा गोणपाट कोमट पाण्यात भिजवून तुंब्याभोवती गुंडाळा आणि तासभर ठेवा. तुंबा अख्खा असेल आणि कुठे तडा नसेल तर बादलीत दगडाखाली दाबून १५–२० मिनिटं ठेवलात तरी चालेल. तडा असला तर पाणी आत जाईल, मग टॉवेलच बरा.

२. भांडी घासायच्या स्टीलच्या तारेच्या घासणीने हलक्या हाताने, गोल गोल घासा. पापुद्र्याचा करडा चिखल होऊन सुटू लागेल. मधूनमधून पाण्याने धुऊन बघा.

३. हट्टी जागेवर सुरीची बोथट बाजू आडवी धरून खरवडा. धारेची बाजू टेकवायची नाही. तरीही निघत नसेल तर तेवढ्या भागावर ओलं फडकं अर्धा तास ठेवून पुन्हा घासा. जोर वाढवू नका, भिजण्याचा वेळ वाढवा.

४. देठाभोवतीची आणि बुडाच्या ठिपक्याभोवतीची खळगी जुन्या टूथब्रशने साफ करा. या दोन जागा हमखास राहतात.

५. पुसून सावलीत पूर्ण एक दिवस वाळवा, शक्यतो दोन.

सावधान: काचपेपर वापरू नका, झिरो नंबरचाही नाही. फर्निचरच्या सवयीने सुतारकाम करणारे लोक हीच चूक करतात. लाकूड घासल्यावर डागायला चांगलं होतं, तुंबा घासल्यावर बिघडतो.

सावधान: हे काम ओलंच करा. बुरशीची कोरडी भुकटी नाकात गेली की शिंका, खोकला आणि घशाची जळजळ होते. दम्याचा त्रास असेल तर एन-९५ मास्क घातल्याशिवाय सुक्या तुंब्याला हात लावू नये.

तपासा: वाळलेला तुंबा खिडकीजवळ तिरपा धरा. साल निघालेला भाग चमकतो. राहिलेला पापुद्रा निस्तेज पांढुरक्या ठिगळांसारखा दिसतो. ओल्या तुंब्यावर ही ठिगळं दिसत नाहीत, म्हणून वाळल्यावर बघायचं. एकही ठिगळ दिसलं तर पायरी १ पासून तेवढ्या भागाला परत.

## टप्पा ४: कापायचं असेल तर आत्ताच

वाटी, दिवा किंवा झाकणाचा डबा करायचा असेल तर कापणं डागण्याच्या आधी. करवतीच्या हादऱ्याने तुंब्याला कधी कधी तडा जातो, आणि पंधरा तासांची नक्षी झाल्यावर गेलेला तडा फार जिव्हारी लागतो. पहिला तुंबा मात्र न कापता अख्खाच करा, असं मी सांगेन.

कापायची रेघ सरळ यावी म्हणून पेन्सिल पुस्तकांच्या थप्पीवर आडवी टेकवा, ती हलू देऊ नका आणि तुंबा फिरवा. बारीक दातांचं हॅक्सॉ ब्लेड घ्या, हातात धरायच्या बाजूला कापड गुंडाळा. सुरीच्या टोकाने एक फट पाडून ब्लेड आत घाला आणि दाब न देता ओढा. बाहेर अंगणात किंवा गच्चीवर बसा, मास्क आणि चष्मा लावा.

आतला गर कोरडा खरवडू नका. त्याची धूळ कडवट असते आणि घशाला झोंबते. आत पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी जुन्या चमच्याने गर सोलून काढा. बिया वाळवून ठेवा, जूनमध्ये लावायला होतील. कापलेली कड मात्र काचपेपरने घासायला हरकत नाही, १२० नंबरने कोर मोडते.

सावधान: तुंब्याची वाटी शोभेची ठेवा. कडू भोपळ्यातली कडू द्रव्यं पोटाला अपायकारक असतात. तीत पातळ पदार्थ, पाणी किंवा खाण्याचं काही ठेवू नये.

## टप्पा ५: पेन आणि बसायची जागा

दोन प्रकारची साधनं मिळतात. पहिलं म्हणजे सोल्डरिंग आयर्नसारखं, आत हीटर असलेलं आणि पुढे पितळी टोकं बदलता येणारं पेन. स्वस्त असतं. तापायला काही मिनिटं लागतात, थंड व्हायला त्याहून जास्त, आणि टोकापासून बरंच मागे धरावं लागतं, त्यामुळे बारीक कामात हात डगमगतो. दुसरं म्हणजे तारेच्या टोकाचं, वेगळा डबा आणि तापमानाचं बटण असलेलं यंत्र. ते काही सेकंदांत तापतं आणि लेखणीसारखं जवळून धरता येतं. किमतीत बराच फरक आहे. पहिले दोन-तीन तुंबे पहिल्या प्रकारावर करा. हात बसला आणि आवड टिकली तर दुसरं घ्या.

नुसतं २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्नही चालतं. नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळतं. अणकुचीदार बिट मागून घ्या. ६० वॉटचं घेऊ नका, त्याने सुरुवातीच्या हाताला फक्त जाळपोळ होते. आयर्न नवंच हवं: ज्यावर आधी सोल्डर लावलेलं आहे ते वापरलं तर शिशाचा अंश तुंब्याला आणि हाताला लागू शकतो.

साध्या आयर्नची उष्णता कमी-जास्त करता येत नाही. इलेक्ट्रिशियनकडून दिव्याचा डिमर लावलेला एक बोर्ड करून घेतला तर हे काम बऱ्यापैकी सुधारतं. हा बोर्ड स्वतः जोडत बसू नका.

जागा मांडताना या गोष्टी हव्यात:

- खिडकीजवळचं टेबल. पंखा असा ठेवा की धूर तोंडासमोरून खिडकीकडे ओढला जाईल. पंख्याचा झोत पेनाच्या टोकावर आला की टोक थंड पडतं.
- पेन ठेवायला धातूचा स्टँड, टेबलाच्या उजव्या अंगाला (डावखुरे असाल तर डाव्या). वायर मांडीवरून जाता कामा नये.
- तुंबा ठेवायला चुंबळ. डोक्यावर घागर ठेवायला करतात तशीच, सुती कापडाची. तुंबा तिच्यात बसतो आणि हवा तसा फिरतो. नायलॉन किंवा टेरिकॉटचं कापड नको, टोक लागलं तर वितळून कातडीला चिकटतं.
- पाण्याची बादली किंवा ओलं फडकं हाताशी. लहान मुलं आणि मांजर खोलीबाहेर.

सावधान: एन-९५ मास्क धुरातले कण अडवतो, वायू अडवत नाही. मास्क घातला म्हणून खिडकी बंद करू नका. वॉर्निश, रंग किंवा पॉलिश लावलेल्या तुंब्यावर कधीच डागू नका. बाजारातून आणलेल्या शोभेच्या तुंब्याला बहुधा वॉर्निश असतं.

## टप्पा ६: फुटक्या तुकड्यावर हात बसवणे

फुटलेल्या तुंब्याचे तुकडे जपून ठेवा. ते नसतील तर ज्या तुंब्याला मऊ जागा लागली होती तो वाळवून फोडा. लाकडाच्या फळीवर सराव करून फारसा उपयोग नाही. लाकडाला रेषा असतात आणि टोक त्यांच्यात ओढलं जातं, तुंब्याला तशा रेषा नाहीत.

पेन पूर्ण तापू द्या. मग एकाच तापमानावर तीन रेघा ओढा: एक झरझर, एक मध्यम, एक अगदी सावकाश. पहिली फिकी तपकिरी येईल, तिसरी काळी. छटा टोकाच्या वेगातून येते, दाबातून नाही. दाबलं की टोक कवचात रुततं, वाकतं आणि रेघ खणल्यासारखी होते. पेन्सिलीने लिहिताना जेवढा भार देतो त्याहूनही कमी भार द्या.

दुसरा सराव सुरुवात आणि शेवटाचा. नवख्याच्या प्रत्येक रेघेच्या दोन्ही टोकांना काळा गोळा येतो, कारण तो टोक टेकवतो, मग विचार करतो, मग निघतो. हात हवेत सरकत असतानाच टोक कवचाला लागलं पाहिजे आणि सरकत असतानाच उचललं गेलं पाहिजे. सतारीच्या तारेवरून नखी जशी जाता जाता लागते, तसं. हे जमायला एक संध्याकाळ जाते. जाऊ द्या.

मग गोल ठिपके, छोटे त्रिकोण, जाळी. ठिपक्यासाठी टोक टेकवून "एक" म्हणेपर्यंत ठेवा आणि उचला. वीस ठिपके सारखे आले की पुढे चला.

संध्याकाळी व्होल्टेज पडतं अशा भागात राहत असाल तर तीच रेघ रात्री आठला आणि सकाळी दहाला ओढून बघा. फरक डोळ्यांना दिसेल. असं असेल तर काम सकाळीच करा, नाहीतर एकाच तुंब्यावर दोन छटांच्या रेघा येतील.

तपासा: एका सलग वर्तुळाची सुरुवात आणि शेवट कुठे जुळले ते दुसऱ्याला ओळखता येत नसेल, तर हात तयार झाला.

## टप्पा ७: आखणी

तुंबा गोल आहे, कागद सपाट. कागदावर सुंदर दिसलेली चौकट तुंब्यावर गुंडाळली की पोटाशी ताणलेली आणि मानेशी दाटलेली दिसते. म्हणून आधी तुंब्याचे पट्टे पाडा. पुस्तकांच्या थप्पीवर पेन्सिल टेकवून तुंबा फिरवायची युक्ती इथेही चालते. त्याने आडव्या रेघा ओढा. उभे भाग पाडायला कागदाची पट्टी पोटाभोवती गुंडाळून बरोबर मापाला कापा, ती दुमडून आठ किंवा बारा भाग करा आणि खुणा तुंब्यावर उतरवा. मोजपट्टीने मोजत बसलात तर शेवटच्या भागात हमखास अर्धा सेंटिमीटर कमी पडतो.

पेन्सिल मऊ घ्या, टू-बी. हलकी चालवा. डागलेल्या रेघेखाली अडकलेलं शिसं नंतर खोडता येत नाही आणि ती रेघ राखाडी चमकते. निळा कार्बन पेपर वापरू नका, त्याची मेणकट शाई कवचात बसते. चित्र उतरवायचं असेल तर कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिल फासून तो कागद ठेवून गिरवा.

पहिल्या तुंब्याला वारली पद्धतीच्या आकृत्या अनेकजण निवडतात आणि त्या चांगल्या बसतातही, पण एक फरक लक्षात घ्या. वारली चित्र गेरूच्या लाल भिंतीवर पांढऱ्या तांदळाच्या पिठाने काढतात, म्हणजे आकृती उजळ आणि मागचा भाग गडद. तुंब्यावर उलटं होतं. माणसाच्या शरीराचे दोन त्रिकोण इथे गडद भरावे लागतात. नुसती बाह्यरेघ ओढून सोडली तर आकृत्या पोकळ आणि लांबून अदृश्य होतात. तारपा नाचाचं वेटोळं तुंब्याच्या बुडाशी सुरू करून वर आणलं तर गोलाईचा अडथळा होत नाही, उलट मदत होते.

बुरशीचे तपकिरी ढग कुठे आहेत ते आखणीआधी बघा. तिथे डोंगर, झाडाचा घेर किंवा पाणी मांडा. चेहरा किंवा बारीक जाळी अशा जागी हरवते.

तपासा: आखलेला तुंबा चार पावलांवर ठेवून सगळीकडून फिरवून बघा. चूक खोडरबराने जाते ती आत्ताच.

## टप्पा ८: डागणे

क्रम असा ठेवा.

१. पाठीमागच्या, कमी दिसणाऱ्या बाजूने सुरुवात करा. पहिला अर्धा तास हात नवा असतो.

२. आधी सगळ्या बाह्यरेघा, मध्यम तपकिरी छटेत. काळ्या करू नका. फिकी रेघ नंतर गडद करता येते, गडद रेघ फिकी करता येत नाही.

३. मग आडवे पट्टे आणि लांब रेघा. लांब रेघेला पेन धरलेला हात जवळजवळ स्थिर ठेवा आणि दुसऱ्या हाताने चुंबळीत तुंबा फिरवा. रेघ नेहमी स्वतःकडे ओढायची. पुढे ढकलली की टोक कवचात घुसतं.

४. मग ठिपके, जाळी, पोत.

५. छटा द्यायच्या असतील तर टोकाची चपटी बाजू वापरून, उष्णता कमी करून, छोट्या गोल फेऱ्यांनी. एका जागी तीन हलके हात बसू द्या.

६. काळा भरीव भाग सगळ्यात शेवटी. त्याला उष्णता जास्त लागते, काजळी सुटते आणि ती शेजारच्या मोकळ्या जागेवर पसरते. आधी काळं भरलं तर पुढचं सगळं काम तळव्याने मळत जातं.

दर दहा-पंधरा मिनिटांनी टोकावर कार्बनचा थर बसतो. रेघ अचानक फिकी किंवा खरखरीत आली की उष्णता वाढवण्याआधी टोक बघा. पितळी ब्रशवर हलकं घासून साफ करा. गरम टोक पाण्यात बुडवू नका. टोकं बदलायची असतील तर पेन बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. गरम पितळी टोकाचे आटे पक्कडीने पिळले की मोडून आत अडकतात, आणि नवं पेन घ्यावं लागतं.

दर तासाला थांबा, खोलीबाहेर जा. डोळे चुरचुरले किंवा डोकं जड झालं तर त्या दिवशी काम बंद.

सावधान: पेन स्टँडवरून घसरलं तर झेलायला हात पुढे करू नका. हे ऐकायला सोपं वाटतं, पण हात आपोआप जातो. आधी पाय मागे घ्या, मग बटण बंद करा, मग उचला. भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका.

बिघडलंच तर: रेघेत गोळा आला असेल तर धारदार ब्लेडच्या टोकाने अगदी वरचा काळा थर खरवडून थोडा उजळता येतो. फार खोल गेलात तर पांढुरका खड्डा दिसेल. रेघ वाकडी गेली असेल तर ती जाड करून दोन्ही बाजू सरळ करा. एखादा चुकार ठिपका पडला तर तसेच ठिपके आजूबाजूला मुद्दाम द्या. आरपार जळलेल्या जागेला मात्र उपाय नाही. तिथे भोक पाडून तुंब्याचा दिवा करा, आणि आत एलईडीच बल्ब लावा, तापणारा साधा बल्ब नको.

## टप्पा ९: साफसफाई, रंग आणि शेवटचा हात

काम संपल्यावर तुंबा एक रात्र तसाच राहू द्या. सकाळी मऊ टूथब्रशने काजळी झटका, कोरड्या सुती कापडाने पुसा, मग पेन्सिलच्या खुणा खोडा. क्रम उलटा केला तर खोडरबर काजळी चोळून कवच करडं करतं.

रंग द्यायचा असेल तर आता. शाई किंवा चामड्याचा रंग पातळ लावा. डागलेल्या रेघेची खाच रंगाला बांधासारखी अडवते, म्हणून डागून झाल्यावरच रंगवायचं. रंगवून मग डागलं तर रंग जळून धूर होतो.

वरचा थर म्हणून नवख्याला मधमाशीचं मेण सोपं. बोटाने पातळ लावा, अर्ध्या तासाने कापडाने चोळून चमक आणा. पावसाळा सोसायचा असेल तर पारदर्शक लॅकरचा स्प्रे घ्या. गच्चीवर, एका हाताच्या अंतरावरून तीन पातळ हात, प्रत्येक हात वाळू देऊन. एकच जाड हात दिला तर तो ओघळतो आणि ओघळ काढता येत नाही. कापलेला तुंबा असेल तर आतूनही लॅकर द्या, नाहीतर ओल आतून शिरते. खोबरेल किंवा तिळाचं तेल लावू नका. ते वाळत नाही, धूळ धरतं, खवट वास मारतं आणि मुंग्या येतात.

सावधान: अळशीचं तेल वापरलंत तर तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर दोरीवर पसरून पूर्ण वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा, मगच कचऱ्यात टाका.

तयार तुंबा थेट उन्हाच्या खिडकीत ठेवू नका, रेघा दोन-तीन वर्षांत विटतात. भिंतीलगतही नको, पावसाळ्यात भिंत ओल सोडते. जूनचा पहिला पाऊस झाला की बुडाखाली हात फिरवून बघा. चिकट किंवा गार ओलसर लागलं तर सुक्या कापडाने पुसून आठवडाभर पंख्याच्या वाऱ्यात ठेवा, आणि दिवाळीनंतर त्या जागेवर मेणाचा एक हात पुन्हा द्या.